बार्न म्हणजे गोठा? मला पटत नाहीये

एका लेखाचं भाषांतर करतेय, इंग्लंडमधल्या ग्रेट कॉक्सवेलच्या बार्नवर. घरात सगळे म्हणतात गोठा लिही. पण हे प्रकरण १५२ फूट लांब, ४८ फूट उंच, साधारण १२९२ सालचं, ब्यूलीच्या मठाने आपल्या शेतीसाठी बांधलेलं, याला गोठा म्हणवत नाही हो. काय लिहू?

गोठा अजिबात नको ताई. मूळ शब्दच 'जवाचं घर', जुन्या इंग्रजीत बेरे म्हणजे जव नि एर्न म्हणजे घर. पण कोठारही अपुरं पडतं, कारण कोठारात आपण मळून उफणून तयार झालेलं धान्य भरतो आणि तिकडे कापलेल्या पेंढ्याच आत रचून ठेवायचे, पावसाचा भरवसा नाही म्हणून, मग हिवाळाभर आतच काठीने झोडणी. लांब भिंतींना समोरासमोर मोठी दारं, भरलेली गाडी आत, मधली जागा म्हणजे खळं, दोन्ही दारं उघडली की आरपार वारा, उफणणी तिथेच! माझ्या आजोळी खळं उघड्यावर, मधे तिवडा म्हणजे रोवलेला खांब, भोवती बैल, आजोबा वावडीवर, म्हणजे उंच तिपाईवर, उभे राहून सुपातून धान्य सोडायचे आणि भुसा पार बांधापर्यंत उडायचा. ज्वारी निघते तेव्हा आपलं आभाळ कोरडं असतं, छपराखालचं खळं आपल्याला लागलंच नाही, मग शब्द तरी कुठून येणार?

आणि कृपा करून बार्नच्या 'बे'चं (bay) खाडी करू नका, मी छापलेलं पाहिलंय. दोन खांबांमधला तो खण. तिथले लाकडी खांब पुरुषभर उंच दगडी बैठकींवर आहेत, त्याला आपला तळखडा चपखल बसतो, वाड्यातला तळखडा बुटका असतो एवढंच.

वाड्यावरून आठवलं, त्याच लेखात जवळचं केल्म्सकॉट मॅनर आहे. त्याला वाडा चालेल?

मला नाही चालणार. वाडा म्हटलं की चौक आला. ते १६०० च्या आसपासचं शेतकरी कुटुंबाचं दगडी घर, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने १८७१ मध्ये भाड्याने घेतलेलं. मॅनरच ठेवा. छपराला कौलारूही नका म्हणू, कौल मातीचं भाजलेलं, हे दगडाचे पातळ तुकडे आहेत, वळचणीला मोठे आणि आढ्याकडे लहान लहान होत गेलेले, मॉरिसला तेच फार आवडायचं.

ठरलं. पहिल्यांदा 'मळणीचं कोठार' लिहून एका ओळीत खळं समजावते, पुढे सगळीकडे बार्न.