‘फाइल चढवा, झालात लेखक’ म्हणणाऱ्यांसाठी

खोडरबर:
‘वर्ड फाइल चढवा, ७२ तासांत पुस्तक जगभर, प्रकाशक म्हणजे फुकटचा दलाल’ ही ‘स्वयंभू’ यांची पोस्ट वाचली. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा. ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे स्वतःच पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर, ई-पुस्तक तेवढ्या वेळात दिसू लागतं, मान्य. पण तुमचं वाक्य तपासायला तिथे कोणी बसलेलं नाही. संपादन वेगळं, भाषेची साफसफाई वेगळी आणि मुद्रितशोधन त्याहून वेगळं. हे शेवटचं काम मांडणी झाल्यावरच करायचं असतं, कारण गळालेली ओळ किंवा दोनदा आलेला परिच्छेद ही मांडणीतलीच करणी. प्रकाशक गेला म्हणून कामं गेली नाहीत, ती तुमच्या गळ्यात आली.

स्वयंभू:
येऊ द्या गळ्यात. मुद्रितशोधक बाहेरूनही मिळतो. केडीपीवर ई-पुस्तकाची २.९९ ते ९.९९ डॉलर किंमत ठेवली की ७० टक्के लेखकाचे. कोणता प्रकाशक देतो एवढे?

हिशेबनीस:
७० टक्केवाले पुढची ओळ नेहमी गिळतात. त्या योजनेत आधी डिलिव्हरीचे, म्हणजे वाचकाला फाइल पोचवण्याचे पैसे कापतात, अमेरिकी दुकानात एमबीमागे १५ सेंट. फोटोंची १० एमबीची फाइल २.९९ ला लावा. दीड डॉलर गेला, उरलेल्या १.४९ चे ७० टक्के म्हणजे १.०४. ३५ टक्क्यांच्या योजनेत ही कपात नाही, तिथे १.०५ मिळतात. आता बोला! आधी फोटो हलके करा, मग टक्केवारी मिरवा.

समासातला:
ई-पुस्तकाचं सोडा हो, खरी रड छापील प्रतीत आहे. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची जाडी कोणी मोजतं का? केडीपीच्या काळ्या छपाईत पांढऱ्या कागदाला पानामागे ०.००२२५२ इंच, क्रीमला ०.००२५. म्हणजे २४० पानांचा कणा पांढऱ्यात ०.५४ इंच आणि क्रीममध्ये ०.६. दीड मिलिमीटरचा फरक! एकाचं कव्हर दुसऱ्याला चढवलं की कण्यावरचं नाव सरकतं.

स्वयंभू:
त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे तिथेच. पानं टाका, टेम्प्लेट घ्या. उगाच बागुलबुवा उभा करू नका.

समासातला:
टेम्प्लेट पानसंख्या विचारूनच देतं ना? आणि तुम्ही कव्हर झाल्यावर ऋणनिर्देश वाढवता, टाइप मोठा करता, पानं वाढतात, कव्हर परत! आतल्या समासाचंही, म्हणजे बांधणीकडच्या कोऱ्या जागेचंही तेच. १५० पानांपर्यंत ०.३७५ इंच, ३०० पर्यंत अर्धा, ५०० पर्यंत ०.६२५. चिकटबांधणीचं जाड पुस्तक सपाट उघडत नाही. समास कमी पडला की ओळींची टोकं खाचेत जातात. चित्र कडेपर्यंत न्यायचं तर ते कापायच्या रेषेबाहेर ०.१२५ इंच जाऊ द्या, नाहीतर कापताना पांढरी पट्टी राहते.

कानामात्रा:
समास, कणा... अहो, फाइलच नासकी असते त्याचं काय? परिच्छेदाला पाच वेळा स्पेसबार, नव्या प्रकरणासाठी एंटरचा मारा. ई-पुस्तकात पान असं काही नसतंच. वाचकाने अक्षर मोठं केलं की ते एंटर अर्धा पडदा रिकामा सोडतात. प्रकरणाच्या नावाला वर्डमधली ‘हेडिंग १’ ही शैली द्या, अनुक्रमणिका त्यावरूनच बनते. ‘पाहा पान ११४’ काढा, तिथे दुवा द्या. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं असेल तर आधी रूपांतर करा, मग प्रत्येक रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरापाशी हटकून घसरतं.

स्वयंभू:
वा! पुस्तक लिहायचं की इंजिनिअरिंगची परीक्षा द्यायची? दलालांची वकिली छान चालली आहे.

खोडरबर:
वकिली कोण करतंय? प्रकाशकही ढिसाळ असतात. पण त्यांच्या ढिसाळपणाचा खर्च त्यांचा, तुमच्याचा तुमचा.

स्वयंभू:
बरं बाबा, हरलो. ‘वर्ड फाइल चढवा’ऐवजी ‘नीट केलेली फाइल चढवा’ असं वाचा. झालं समाधान? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक तरी फुकट मिळतो, की त्यातही खोट आहे?

हिशेबनीस:
आहे. केडीपीचा फुकट क्रमांक तिथल्याच छापील प्रतीपुरता, दुसऱ्या छापखान्यात चालत नाही. ई-पुस्तकाला तो लागतच नाही. आणि ‘केडीपी सिलेक्ट’ या फक्त ॲमेझॉनवरच विकण्याच्या योजनेची खूण करण्याआधी अटी वाचा. ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या साइटवरसुद्धा. मुदत आपोआप वाढते, खूण स्वतः काढावी लागते.

समासातला:
कव्हर पाठवण्याआधी पानं पुन्हा मोजा, एवढंच.