लॅम्ब्डात ट्राय का चालू नये?

खाडीकाठ: मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत मिरकरवाडा बंदरावरच्या एका व्यापाऱ्याच्या वह्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चढवतोय. वजनाच्या रकान्यात कुठे ‘४२.५’, कुठे नुसती रेघ. मजकुराचा आकडा करणारा फ्लोट देवनागरी आकडे बिनतक्रार घेतो, रेघ दिसली की मात्र व्हॅल्यूएरर ही चूक देतो. लॅम्ब्डात, म्हणजे बिननावाच्या छोट्या फंक्शनमध्ये, फक्त एक्सप्रेशन (किंमत देणारा तुकडा) चालतं आणि चूक पकडणारं ट्राय हे स्टेटमेंट (किंमत न देणारा आदेश), म्हणून एवढ्याशासाठी वेगळं डेफ, म्हणजे नावाचं फंक्शन लिहायचं, त्याला नाव शोधायचं. २०१४ च्या पेप ४६३ या पायथन-बदलाच्या प्रस्तावात यावरच उपाय होता: ‘फ्लोट(वजन) एक्सेप्ट व्हॅल्यूएरर: नन’, म्हणजे चूक आली तर नन (‘काहीच नाही’) धर. किती स्वच्छ वाचता येतं! तो नाकारला, हे मला आजही पटत नाही. कॉटलिन भाषेत ट्राय हे एक्सप्रेशनच आहे.

कलमबाग: नाकारला तेच बरं. आधी तपासण्यापेक्षा चूक होऊ देऊन पकडणं चांगलं, हा पेपचा पायाच पायथनचे जनक गीडो व्हान रॉसम यांना मान्य नव्हता. मलाही नाही. आंब्याच्या हिशेबात मी एकदा चूक आली की ० धरलं. कुणीतरी आकड्याऐवजी ‘५ डझन’ लिहिलं होतं. त्या सगळ्या पेट्या शून्य झाल्या आणि बागायतदाराची पट्टी कमी निघाली. तो दारात येईपर्यंत मला पत्ता नाही. एका ओळीत नोंद करायला जागाच नसते, म्हणून हात शून्याकडे जातो.

खाडीकाठ: पट्टीचं वाचून वाईट वाटलं. पण शून्य तुम्ही निवडलंत, सिंटॅक्सने नाही. चार ओळींच्या ट्रायमध्येही ‘पास’ (काही करू नको) लिहून चूक गिळता येतेच. शिवाय लांब ट्रायमध्ये शेजारच्या ओळीची चूकही नकळत पकडली जाते, इथे फक्त त्या फ्लोटची. आणि हा सिंटॅक्स चालण्यासारखा आहे, हे गीडोंनीही कबूल केलं होतं, ते सोडू नका.

वेंगुर्ल्याची वाट: मी वायच वेगळं सांगतो. रस्ट भाषेत १.१३ आवृत्तीपासून प्रश्नचिन्ह (?) आहे. ते चूक गिळत नाही, फंक्शनला हाक मारणाऱ्या कोडकडे परत देतं. क्लोजरमध्ये, म्हणजे रस्टच्या लॅम्ब्डात, लिहिलं तर क्लोजरमधूनच बाहेर पडतं, म्हणून शेवटी सगळं रिझल्टमध्ये (उत्तर किंवा चूक ठेवणाऱ्या प्रकारात) कलेक्ट, म्हणजे गोळा करायचं. पहिली चूक आली की काम तिथेच थांबतं.

खाडीकाठ: म्हणजे एका रेघेपायी अख्खी वही अडणार? बंदरावर ते नाही परवडत.

कलमबाग: अडू दे की! निदान कुणाचे पैसे तरी बुडणार नाहीत.

खाडीकाठ: नन ठेवतो आणि नन आलेल्या ओळी व्यापाऱ्याला रोज संध्याकाळी दाखवतो. त्यासाठी डेफ लागलं तर लिहीन. वजन वाचायला मात्र मला ती एकच ओळ हवी आहे.