डब्ल्यूआरसीच्या टेबलमध्ये टोयोटा दोनदा कशी काय?

घाटवळण:
मंडळी, हे काही केल्या डोक्यात बसत नाहीये. डब्ल्यूआरसी म्हणजे वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपच्या २०२५ च्या मॅन्युफॅक्चरर्स (म्हणजे गाडी कंपन्यांच्या) टेबलमध्ये टोयोटा दोनदा आहे, एक नेहमीची आणि एक डब्ल्यूआरटी२. रॅलीत ओजिए, एव्हान्स, रोव्हानपेरा, कात्सुता, पयारी असे टोयोटाचे पाच जण पळत होते, मग सगळ्यांचे पॉइंट जोडतात का? तसं असेल तर ह्युंदाईने घरीच बसावं ना. आणि दुसरं म्हणजे जुन्या रिझल्टमध्ये नववा आलेला ड्रायव्हर कंपनीला ६ पॉइंट देऊन गेलेला दिसतो, नवव्याला तर २ च असतात ना?

सुकाणू:
नाही जोडत. रॅलीआधी कंपनीने जास्तीत जास्त तीन क्रू (ड्रायव्हर-नॅव्हिगेटरच्या जोड्या) नॉमिनेट करायचे आणि त्यातले पुढचे दोनच धरायचे. २०१७ पासून असं आहे, त्याआधी दोनच गाड्या नॉमिनेट व्हायच्या. बाकीच्या गाड्या कंपनीच्या हिशोबापुरत्या रस्त्यावर नव्हत्याच असं समजून मागच्यांना वर सरकवतात. तुझा नववा बहुतेक २०१८ च्या मॉन्टे कार्लोचा सिट्रोएनवाला क्रेग ब्रीन. सातवा लाप्पी हा टोयोटाचा तिसरा, कारण तानाक आणि लातवाला दुसरे-तिसरे आलेले, आणि आठवा बूफिए एम-स्पोर्टचा (फोर्डच्या गाड्या पळवणारी टीम) तिसरा कारण तेव्हा एम-स्पोर्टमध्येच असलेले ओजिए आणि एव्हान्स पुढे होते. दोघं गळले की ब्रीन सातवा, सातव्याचे ६ सिट्रोएनला. ड्रायव्हर म्हणून त्याला स्वतःला मात्र २ च.

चौथागिअर:
आणि पैसे भरून एम-स्पोर्टची फोर्ड पळवणारे सेर्देरिदिससारखे लोक नॉमिनेटच नसतात, ते कितवे आले त्याचा फोर्डला ना फायदा ना तोटा.

घाटवळण:
ओके हे कळलं. पण मग डब्ल्यूआरटी२ कशाला?

नोटवाचक:
ती वेगळी टीम म्हणून रजिस्टर केलेली आहे त्यामुळे तिचे पॉइंट मेन टोयोटाला मिळत नाहीत. ही आयडिया जुनीच, २००९ ला सिट्रोएनची ज्युनियर टीम होती, फोक्सवागनने मिकेल्सनला दुसऱ्या टीममध्ये ठेवलेलं, २०२२ ला कात्सुताही असाच वेगळ्या नावाखाली होता. पण खरी गंमत अशी की नॉमिनेट न केलेली गाडी हिशोबातून गायब होते, दुसऱ्या टीमची होत नाही, ती आपली जागा अडवून बसते. म्हणजे पयारी ह्युंदाईच्या पुढे आला की ह्युंदाईचे पॉइंट कमी. माझ्या मते ही सरळ सरळ पळवाट आहे, ज्याच्याकडे गाड्या जास्त त्याची चैन.

सुकाणू:
पळवाट कसली राव, पयारी एव्हान्सच्या पुढे आला तर स्वतःच्याच मेन टीमचे पॉइंट खातो ना. आणि टीम रजिस्टर केली की बंधनंही येतात. २०११ ला किमी रायकोनेनची स्वतःची आयसीई १ रेसिंग ऑस्ट्रेलियाला गेली नाही म्हणून तिला मॅन्युफॅक्चरर्स चॅम्पियनशिपमधून थेट बाहेर काढलं होतं.

नोटवाचक:
खातो हो, पण टोयोटाला ते परवडतं आणि समोरच्याला नाही, माझा मुद्दा तोच आहे. २०२४ ला टोयोटा ५६१ आणि ह्युंदाई ५५८, तीन पॉइंटांवर टायटल गेलं, एवढ्या टाइट सीझनला मध्ये एक जागा अडली तरी संपलं.

चौथागिअर:
२०२४ चं टायटल जपानमध्ये रविवारी सकाळी गेलं, त्याचा दुसऱ्या टीमशी काही संबंध नाही. त्या वर्षी शनिवारपर्यंतचे पॉइंट रविवारी गाडी शेवटपर्यंत नेली तरच मिळायचे, आणि तानाक, जो तेव्हा ह्युंदाईत होता, लीडवर असताना ठोकून बसला, १८ पॉइंट गेले पाण्यात. ह्युंदाईचाच न्यूविल ड्रायव्हर्स चॅम्पियन झाला आणि कंपनी हरली. २०२५ ला तो नियम काढला ते बरं केलं, पुन्हा एकूण निकालावर २५-१७-१५, सुपर संडेचे (फक्त रविवारच्या वेळेवर) जास्तीत जास्त ५ आणि पॉवर स्टेजचे (शेवटच्या स्टेजचे) जास्तीत जास्त ५ वेगळे.

घाटवळण:
थांबा, म्हणजे तो रविवारी नुसता सांभाळून चालवला असता तरी चाललं असतं??

चौथागिअर:
तानाकला सांभाळून चालवायला सांगून बघ तू 😄