दिसत नसलेल्या मावसभावाबरोबर पीएस४ (प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) वर काय खेळू?

वर्तकनगरवाला: मंडळी, मदत हवीय. मावसभाऊ १९ वर्षांचा, जन्मापासून दिसत नाही, पुढच्या आठवड्यात नाशिकहून आमच्याकडे ठाण्याला येतोय. फोनवर म्हणाला दादा तुला फायटिंगमध्ये धुतो बघ. मी हसलो, मग कळलं पठ्ठ्या सिरियस आहे. हे लोक खेळतात कसे? मी काय सेटिंग करून ठेवू? आई म्हणते गेमबिम नको, त्याला वाईट वाटेल, त्यापेक्षा छान गाणी लाव.

ऐरोली_स्लो_लोकल: मी स्वतः पूर्ण अंध, हे टॉकबॅक (फोनची स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) लावून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आईंना सांग गाणी अजिबात नको 😄 आमचा सगळा खेळ कानावर. फायटिंग सोपं का पडतं, तर माणसं दोनच आणि एकाच रेषेत पुढेमागे, डाव्या कानात आवाज आला की गडी डावीकडे, लाथ बुक्की उडी सगळ्यांचे आवाज वेगळे, ऐकून ऐकून पाठ होतात. २०२३ च्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये खास आवाज आहेत, चालू केले की समोरचा किती लांब आहे, फटका वर बसला की खाली, हे ऐकूनच कळतं. हेडफोन वायरवालाच दे, ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, तोवर थोबाडीत बसलेली असते. बऱ्याच गेमचा मेन्यू बोलत नाही, मग मी मोजून लक्षात ठेवतो, खाली तीन, उजवीकडे एक, ओके. अपडेटमध्ये क्रम बदलला की संपलं, परत ताईला हाक, आणि ती वैतागते.

बटणबडव्या: राग मानू नका पण फायटिंगमध्ये बटणं बडवून कोणीपण जिंकतं. स्टोरीवाला गेम कसा जमणार?

ऐरोली_स्लो_लोकल: जमतो की. द लास्ट ऑफ अस पार्ट २, २०२० चा, पीएस४ वरच. साठच्या वर ॲक्सेसिबिलिटी सेटिंग, म्हणजे अपंगांना खेळता यावं म्हणूनच्या सोयी, आहेत त्यात. मेन्यू इंग्लिशमध्ये वाचून दाखवतो, एक बटण दाबलं की पुढे जायच्या दिशेला तोंड वळवून देतो, कड्यावरून पडू देत नाही. मारामारी फार रक्तबंबाळ आहे, आईंसमोर लावू नका. आणि बटणं बडवायला या एकदा ऐरोलीला, बघू.

खारीगाव_कट्टा: मोबाइलवर अ ब्लाइंड लेजंड बघा, २०१५ चा, चित्र नाहीच. आंधळा सरदार, त्याची मुलगी आवाज देत वाट दाखवते, आपण स्क्रीनवर बोट फिरवून तलवार चालवायची. मी दिवे घालवून खेळलो, दहा मिनिटांत मेलो. जपानमध्ये तर १९९७ मध्येच सेगा सॅटर्न या कन्सोलवर केन्जी एनोने बिनचित्राचा गेम काढला होता.

वर्तकनगरवाला: अपडेट. आला काल. हेडफोन त्याच्या कंट्रोलरला लावला तर सगळा आवाज तिकडे गेला आणि टीव्ही मुका, म्हणजे त्याला नुसता आवाज, मला नुसतं चित्र. अकरा मॅच, नऊ त्याच्या. माझ्या दोन आईने मिक्सर लावला तेव्हाच्या. आता किचनमधून विचारते, लावू का रे?