मदत हवी आहे : ६५ पूर्ण झाल्यावर दिव्यांगाचं अनुदान कुठल्या योजनेतून?

आमचे मामा लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहतात. पायाने ६० टक्के कायमचं अपंगत्व, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे. संजय गांधी निराधार योजनेतून महिना २,५०० रुपये थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. आधारवरच्या तारखेप्रमाणे जानेवारीत त्यांना ६५ पूर्ण होतील; निराधार ६५ पर्यंतच, त्यापुढे ज्येष्ठांची श्रावणबाळ निवृत्तीवेतन योजना.

तहसीलला दोनदा जाऊन आलो. एक जण म्हणाला, नाव आपोआप श्रावणबाळमध्ये जाईल. दुसरा म्हणाला, नवीन अर्ज करा. लेखी कुणीच देईना. हयातीचा दाखला यंदाचा दिलेला आहे, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही.

खरी धास्ती उत्पन्नाची. दाखला ३८ हजारांचा आहे. निराधारमध्ये दिव्यांगांना ५० हजारांची मर्यादा, म्हणून ते बसले; श्रावणबाळची मर्यादा २१ हजार. खोटा दाखला काढायचा नाही, मामांनाही ते पटत नाही. आणि मधले चार महिने पैसे थांबले तर औषधं थांबतात.

कुणाच्या घरी दिव्यांग लाभार्थ्याचं नाव असं निराधारमधून श्रावणबाळमध्ये गेलंय का? अर्ज नव्याने करावा लागला का, आणि उत्पन्न कुठल्या मर्यादेने धरलं?