डिक्री मिळाली, पुढे काय?

एकाने लिहिलंय की डिक्री (समोरच्याने पैसे द्यावेत असा कोर्टाचा निकाल) मिळाली म्हणजे पैसे आलेच, अहो तसं नसतं, कोर्ट स्वतःहून वसुली करत नाही, त्यासाठी वेगळी दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकावी लागते, मुदत 12 वर्षं आहे पण प्लीज तेवढं थांबू नका. माझ्या वडिलांच्या केसमध्ये बेलीफ (जप्ती करणारा कोर्टाचा माणूस) समोरच्याकडे गेला तर घरात भांडी, गाद्या आणि तिथल्या बाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र एवढंच, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) कलम 60 प्रमाणे यातलं काहीच जप्त होत नाही, हात हलवत परत आलो. मग वकिलांनी सीपीसीच्याच ऑर्डर 21 रूल 41 खाली अर्ज दिला, समोरच्याला मालमत्तेचं अॅफिडेव्हिट (शपथपत्र) द्यायला लावलं तेव्हा कुठे एक एफडी बाहेर आली. तुम्ही आधी हेच करा. अटकेच्या मागे लागू नका, ऐपत असून मुद्दाम देत नाही हे दाखवल्याशिवाय कोर्ट आत टाकत नाही आणि ते बरोबरच आहे.