मदत हवी आहे: दोन सर्वेक्षणांत तेच कारखाने येऊ नयेत म्हणून
नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांची यादी एक, सर्वेक्षणं दोन. प्रत्येकाला ० ते १ मधला कायमचा यादृच्छिक आकडा दिलाय. पहिलं स्तरित आहे, म्हणजे कारखान्यांचे गट (स्तर) पाडलेत: प्रत्येक स्तरातले सर्वांत लहान आकडे घ्यायचे. दुसरं कामगारसंख्येच्या प्रमाणात: आकड्यातून ०.५ वजा (उणे आल्यास अधिक १), भागिले निवड-संभाव्यता (कारखाना निवडला जाण्याची शक्यता), मग सर्वांत लहान उत्तरं. नमुन्याचा आकार पक्का राहतो.

अडचण मध्यम आकाराच्या कारखान्यांची. संभाव्यता पहिल्यात ०.२ आणि दुसऱ्यात ०.६, बेरीज १ च्या आत, तरी साधारण दहातला एक दोन्हींत येतो, कारण ०.५ पासूनचा ०.६ चा पट्टा १ ओलांडून पुन्हा ० ते ०.१ वर येतो. बिचाऱ्यांना दोन्ही प्रश्नावल्या भराव्या लागतात. ०.५ ऐवजी पहिल्या सर्वेक्षणातलं त्या स्तराचंच निवड-प्रमाण (इथे ०.२) वजा केलं तर हे टळतं. पण पुढच्या वर्षी कारखान्याचा स्तर बदलला की दुसऱ्याच्या पट्ट्याची सुरुवातही सरकते, वर्षावर्षांतल्या नमुन्यांचा मेळ तुटतो. सुरुवात जुनीच ठेवावी का? कोणी हे हाताळलंय?